‘मीडियम’ म्हणजे नेमके किती?

दसऱ्यासाठी मागवलेला कुर्ता आदल्या संध्याकाळी घरी येतो. रंग चित्रातल्यासारखाच, कापडही बरे. अंगात घातल्यावर मात्र मुंढ्यात काचतो, छातीवर ताणतो आणि कमरेला झोळीसारखा लोंबतो. गेल्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीचा याच ‘एम’ साइजचा कुर्ता अगदी चपखल बसला होता. मग आरशासमोर उभ्या असलेल्या स्त्रीच्या मनात पहिला विचार येतो तो आपण जाड झालो की काय, असा. दोष चिठ्ठीचा असू शकेल, हे क्वचितच कुणाला सुचते.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याकडे कापडाबरोबर ‘मापाचा ब्लाउज’ दिला जाई. नीट बसणारा, अंगवळणी पडलेला एक जुना ब्लाउज. शिंपी तो टेबलावर पसरून मेजपट्टी लावी, ‘छाती अर्धा इंच सैल करू का?’ असे विचारी आणि काम होई. तयार कपड्यांच्या दुकानांनी शिंप्याची जागा घेतली, तरी कपडे घालून पाहण्याची खोली हाताशी होती. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर तीही नव्हती. तिथे कुर्ती खांद्यांना लावून पाहायची आणि जीन्सची कंबर गळ्याभोवती गुंडाळून अंदाज बांधायचा, अशी रीत होती. ऑनलाइन खरेदीत एवढाही आधार राहत नाही. उरते ते एक इंग्रजी अक्षर, आणि त्या अक्षराला सर्वमान्य असा काही अर्थच नाही.

असा अर्थ ठरवण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. रुथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी तेथील कृषी खात्यासाठी १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली, प्रत्येकीची ५९. अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे अंतिम हिशेबातून वगळण्यात आली होती, हा त्यातला मोठा दोष. पुढे या कामाला चालना दिली ती टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांनी. घरबसल्या मागवलेले कपडे बसत नाहीत म्हणून परत येत आणि त्याचा भुर्दंड कंपन्यांना पडे. म्हणजे आजची तक्रार तशी जुनीच. अखेर १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांसाठी एक प्रमाण जाहीर झाले. ते ऐच्छिक होते. १९८३ मध्ये ते मागेही घेण्यात आले. त्यानंतर तर कंपन्यांना रान मोकळेच मिळाले. ग्राहक स्त्रीला लहान आकडा वाचून बरे वाटते, हे विक्रेत्यांनी ओळखले आणि त्याच आकड्याखाली कपडा हळूहळू मोठा होत गेला. ही खुशामत आता जगभर चालते.

भारतात अनेक वर्षे ब्रिटिश, अमेरिकी आणि युरोपीय तक्त्यांवरच काम भागवले गेले. भारतीय बांध्याचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून ‘निफ्ट’ या संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे त्यात ठरले. पण असा तक्ता उपलब्ध झाला तरी कंपनी आपला ग्राहक कोण मानते, तरुण कॉलेजकन्या की चाळिशीतली नोकरदार स्त्री, यावर तिचा ‘एम’ अवलंबून राहणारच. शिवाय कंपनी एक नमुना शिवते आणि बाकीचे साइज त्यावरून ठरावीक इंच वाढवून काढते. माणसांची शरीरे अशा पायऱ्यांनी वाढत नाहीत. एकीचे खांदे अरुंद आणि छाती भरदार असते, दुसरीचे नेमके उलट.

तेव्हा अक्षर सोडून आकड्यांकडे वळावे. पण इथेच पहिली गफलत होते. संकेतस्थळांवरील तक्त्यांत दोन वेगळ्या प्रकारची मापे असतात. काही कंपन्या शरीराचे माप देतात, म्हणजे ‘३६ इंच छाती असलेल्या स्त्रीसाठी हा कपडा’. काही तयार कपड्याचे माप देतात, म्हणजे ‘या कुर्त्याची छाती ३८ इंच’. दोन्हींत फरक असतो तो सैलपणाचा. श्वास घेता यावा, हात वर करता यावा, बसता यावे यासाठी न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्यात छातीला शरीरापेक्षा साधारण दोन ते चार इंच जास्त ठेवावे लागतात. आपली छाती ३६ म्हणून कपड्याच्या मापाच्या रकान्यातला ३६ निवडला, तर तो कुर्ता डोक्यातून खाली उतरणेही कठीण. भरीस भर म्हणजे काही तक्त्यांत कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचेच माप दिलेले असते. छाती १९ असे वाचून दचकू नये, ते दुप्पट करायचे असते. इंच आणि सेंटिमीटर यांची अदलाबदलही नेहमीची. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय शिंप्याच्या टेबलावरचाच आहे. कपाटातला उत्तम बसणारा, आणि शक्यतो त्याच जातीच्या कापडाचा, कपडा ‘मापाचा’ म्हणून निवडावा. तो सपाट पसरून, सुरकुत्या काढून, पण न ताणता मोजावा. एका खांद्याच्या शिलाईपासून दुसऱ्या खांद्याच्या शिलाईपर्यंत, काखेखाली छाती, कंबर, सीट, मुंढ्याची खोली, दंडाशी बाहीची रुंदी आणि गळ्यालगतच्या खांद्यापासून खालपर्यंत उंची. हे आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवले की पुढची प्रत्येक खरेदी म्हणजे फक्त तुलना. अंगावरून घेतलेल्या मापांत पोट आत ओढण्याचा मोह असतो. कपडा तशी लबाडी करत नाही.

तुलना करतानाही कापडाचा विचार सुटता कामा नये. होजिअरीचे विणलेले कापड ताणले जाते, त्यामुळे टी-शर्ट किंवा अंगासरशी बसणारा ड्रेस शरीराच्या मापापेक्षा लहान असूनही नीट बसतो. डेनिममध्ये थोडे इलास्टेन असेल तर जीन्स दिवसभरात सैल पडते, म्हणून पहिल्यांदा जरा घट्ट वाटणारी घ्यावी. निव्वळ सुती डेनिमला हा नियम लावला तर मात्र फजिती होते. सुती आणि रेयॉनचे कुर्ते पहिल्या धुण्यात आटू शकतात. वर्णनात कापड आधीच आटवून घेतल्याचा उल्लेख नसेल, तर उंचीला इंच-दीड इंच जादा धरणे शहाणपणाचे.

उंचीची फसवणूक चित्रांतून अधिक होते. मॉडेल पाच फूट आठ इंच उंच असेल तर ४६ इंची कुर्ता तिच्या पोटरीच्या मध्यावर येतो. तोच कुर्ता पाच फूट उंचीच्या स्त्रीच्या घोट्याजवळ पोहोचतो, आणि त्याखालची पलाझो दिसेनाशी होते. चित्राखाली मॉडेलची उंची आणि तिने घातलेला साइज पुष्कळदा बारीक अक्षरांत लिहिलेला असतो, तो वाचावा. तिच्या पाठीमागे कपडा चिमट्यांनी आवळलेला असू शकतो, हेही विसरू नये. त्या मानाने खरेदीदारांनी टाकलेली ओबडधोबड छायाचित्रे आणि उंची-वजनासह लिहिलेले अभिप्राय अधिक प्रामाणिक असतात. ‘खूप छान’ या शेऱ्याचा उपयोग शून्य; ‘दंडाला घट्ट होतो’ हे तीन शब्द पैसे वाचवतात.

फॅशनप्रमाणे मोजण्याची जागाही बदलते. हाय-वेस्ट जीन्स बेंबीजवळ बसते, लो-वेस्ट कमरेच्या हाडावर. दोन्हींची ‘कंबर’ एकाच स्त्रीच्या अंगावर कित्येक इंचांनी वेगळी भरते. म्हणून आसनाची पुढची उंची, म्हणजे आसनाच्या शिलाईपासून कमरपट्ट्यापर्यंतचे अंतर, पाहिल्याशिवाय आकडा निवडू नये. ओव्हरसाइज्ड शर्ट मुळातच मोठा बेतलेला असतो. तो आणखी सैल हवा म्हणून वरचा साइज मागवला की खांदे कोपरापर्यंत उतरतात. को-ऑर्ड सेटमध्ये वरचा भाग एम आणि खालचा एल लागत असेल, तर दोन्ही वेगवेगळ्या साइजमध्ये मिळतात का, ते आधी पाहावे. तयार ब्लाउज हा सर्वांत अवघड प्रकार. तिथे अर्धा इंचही जाणवतो, आणि म्हणून आत शिलाईत किती माया सोडली आहे ही माहिती रंगाइतकीच महत्त्वाची ठरते.

माया असली की कोपऱ्यावरचा अल्टरेशनवाला निम्मी कामे निभावून नेतो. बाजू आत घेणे, उंची कमी करणे, बाही आखूड करणे ही सोपी कामे. खांदा आणि मुंढा सुधारणे म्हणजे जवळपास कपडा पुन्हा शिवणे. दोन साइजमध्ये मन अडकले असेल तर खांद्याला आणि शरीराच्या सर्वांत रुंद भागाला बसणारा साइज घ्यावा, बाकीचे आत घेता येते. सैल कपडा लहान करता येतो. घट्ट कपडा मोठा करायला कापड कुठून आणणार?

इतके करूनही चूक होतेच. एकाच साइजच्या दोन नगांत अर्ध्या इंचाचा फरक कारखान्यांत चालवून घेतला जातो. म्हणून परतीचा नियम पैसे भरण्याआधी वाचावा. सवलतीच्या विक्रीत काही वस्तूंना फक्त बदल मिळतो, पैसे नाहीत. अंतर्वस्त्रे बहुधा परत घेतलीच जात नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार परतावा, बदल आणि परतीच्या अटी ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. सदोष किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्त्यात कपड्याची छाती ४० इंच लिहिली असेल आणि हाती आलेला कुर्ता ३७ भरत असेल, तर ‘मला बसत नाही’ असे लिहू नये. कपड्यावर मेजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे आणि वर्णन व वस्तू यांत तफावत असल्याची तक्रार करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि कपडा आल्याबरोबर, त्याच दिवशी घालून पाहावा, तोही चिठ्ठी न काढता. हात वर करावेत, खुर्चीत बसावे, वाकून चप्पल घालून पाहावी. लग्नासाठी मागवलेला अनारकली पंधरा दिवस पिशवीतच राहिला, तर परतीची मुदत कपाटातच संपते.