वीजगाडी घेताना: कुठली सवलत हातात, कुठली हवेत

जालन्यात एखाद्या घरात गाडी घ्यायचं ठरलं की पूर्वी पेट्रोल, डिझेल की सीएनजी एवढाच खल व्हायचा. आता बॅटरीवरच्या गाडीचंही नाव निघतं, आणि सल्ला द्यायला सगळेच पुढे येतात. शोरूमवाला म्हणतो, सरकार दीड लाख देतं. शेजारी म्हणतात, थांबा, सहा टक्के टॅक्स लागणार आहे. हैदराबादेतले मामू फोनवर सांगतात, आमच्याकडे तर सगळंच माफ आहे. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण नुसत्या ऐकीव माहितीवर दहा-बारा लाखांचा व्यवहार करणं शहाणपणाचं नाही.

मुळात गाडीवरचा कर ही राज्याची बाब आहे. राज्यघटनेने तो अधिकार राज्यांना दिला आहे, म्हणून प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वीजगाड्यांचा कर आणि नोंदणी शुल्क माफ केलं. मामू चुकत नाहीत, पण ती सवलत तेलंगणात नोंदवलेल्या गाडीला. कर्नाटकाने मात्र २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या वीजगाड्यांना १० टक्के कर लावला. जालन्यात नोंदणी करणाऱ्यांनी मुंबई-नागपूरच्या विधिमंडळाकडे लक्ष ठेवायचं.

शेजाऱ्यांच्या 'सहा टक्क्यां'ची गोष्टही तिथलीच. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग वीजगाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता. वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले. पण त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगितलं की हा कर लावला जाणार नाही. मथळा लक्षात राहिला, माघार फारशी कुणाच्या कानावर गेली नाही. अर्थसंकल्पी भाषणातली गोष्ट हा प्रस्ताव असतो. तो मंजूर होऊन राजपत्रात किंवा शासन निर्णयात येईपर्यंत त्यावर आपला बेत ठरवू नये, आणि मोडूही नये.

आता प्रत्यक्षात काय मिळतं ते पाहू. राज्याचं आधीचं वीजवाहन धोरण २०२१ चं. त्याची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. त्यानंतर २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने नवं धोरण मंजूर केलं आणि मे महिन्यात शासन निर्णय निघाला. ते मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे. शिवाय किमतीच्या १० टक्के प्रोत्साहन रक्कम आहे: दुचाकीला जास्तीत जास्त १० हजार, रिक्षाला ३० हजार, खासगी कारला दीड लाख. ही रक्कम मात्र ठरावीक संख्येच्या गाड्यांपुरतीच आहे.

करमाफी आणि प्रोत्साहन रक्कम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. करमाफी म्हणजे आरटीओत भरायचे पैसे भरावेच लागत नाहीत. खासगी पेट्रोल कारला आपल्या राज्यात १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी कर आहे. सीएनजीवरही १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढला. म्हणजे १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर १ लाख ४४ हजार रुपये कर जातो. तेवढ्याच किमतीच्या वीजगाडीवर शून्य. हा फायदा नोंदणीच्या दिवशीच हातात पडतो.

प्रोत्साहन रकमेचं तसं नाही. तिला सरकारी तिजोरीत तरतूद लागते आणि ठरलेली संख्या संपली की दार बंद. म्हणून शोरूममध्ये सरळ विचारा, 'हे दीड लाख आजच्या बिलातून वजा होणार का?' होणार असतील तर बिलावर तसं लिहून घ्या. 'नंतर येतील' असं उत्तर आलं तर ते पैसे हिशेबात धरू नका. त्यांच्या भरवशावर कुणाकडून उसने तर मुळीच घेऊ नका.

आपल्यातली कितीतरी घरं व्याजाचं कर्ज टाळतात. भिशी, बचत, जुनी गाडी विकून आलेले पैसे, भावाकडून कर्ज-ए-हसना अशी जुळवाजुळव करून गाडी घेतात. वीजगाडीच्या कर्जावरील दीड लाखापर्यंतच्या व्याजाला प्राप्तिकरात सूट होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. अशा घरांना तिचा तसाही उपयोग नव्हता. राज्याची करमाफी मात्र रोखीने घेणाऱ्यालाही तेवढीच मिळते.

तिसरी सवलत टोलची. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आणि कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे; तीनशे किलोमीटरला सहाशेहून जास्त होतात. नव्या धोरणात समृद्धीवर वीजकारला पूर्ण टोलमाफी आहे. पण कागदावर माफी असूनही फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी विधानसभेपर्यंत गेल्या. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी आठ दिवसांत अंमलबजावणी करून वसूल केलेला टोल परत करण्याचे निर्देश दिले. त्यामुळे फास्टॅगचं विवरण दर महिन्याला तपासा आणि जपून ठेवा. परतावा मागायची वेळ आली तर तोच पुरावा.

करमाफी एकदाच मिळते, गाडी मात्र दहा वर्षं वापरायची असते. घराला अंगण नसेल, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहत असेल, तर चार्जिंगची वायर कुठून न्यायची? घराचं अर्थिंग नीट आहे का? अंबड, परतूर, मंठ्याच्या रोजच्या फेऱ्या एका चार्जिंगमध्ये भागतात का? गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघणार असेल तर वाचलेला कर जास्तीच्या किमतीत विरून जाईल. रोज पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या दुकानदाराचं, रिक्षावाल्याचं किंवा स्कूटीवर कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं गणित वेगळं निघेल. त्यांची बचत रोज होते.

तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून एक कागद घ्यावा. एका बाजूला आज बिलावर दिसणारी किंमत आणि न भरावा लागणारा कर लिहावा. दुसऱ्या बाजूला रोजचे किलोमीटर, विजेचं बिल आणि चार्जिंगची सोय. जी रक्कम अजून फक्त भाषणात आहे, ती कुठल्याच बाजूला लिहू नये. एवढ्यावरही गाडी परवडत असेल तर बिनघोर घ्यावी.