चार्जरचा कायदा आणि बाल्टिमोरची आग

युरोपात फोनपाठोपाठ लॅपटॉपच्याही चार्जिंगला एकच जोडणी सक्तीची केली, मग आपल्याकडे घोडं कुठे अडलंय? आणि असल्या गोष्टी सरकारच ठरवायला लागलं, तर कंपन्या नवीन काही शोधतील कशाला? एका वाचकाने हे दोन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारले आहेत. पहिल्या प्रश्नाला कायदा हवा आहे, दुसऱ्याला तो नको आहे, आणि दोन्ही रास्त आहेत.

आधी कायदा. युरोपीय संसदेने ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ६०२ विरुद्ध १३ अशा मतांनी तो मंजूर केला. फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर, माउस, कीबोर्ड अशा वस्तूंना २८ डिसेंबर २०२४ पासून ‘टाईप सी’ बंधनकारक झालं. लॅपटॉपसाठी कायद्यात २८ एप्रिल २०२६ ही तारीख घातली. ॲपलने २०१२ पासून जपलेली लायटनिंग जोडणी सोडून सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाईप सी दिलं, त्यामागे हाच कायदा होता. सक्तीने नवनिर्मिती खुंटेल, असा या कंपनीचा जाहीर आक्षेप होता. मात्र तिच्याच २०१५ च्या मॅकबुकला हेडफोनची जागा सोडली तर एकुलतं एक टाईप सीच होतं!

युरोपने आधी गोडीगुलाबीने पाहिलं होतं. २००९ मध्ये तिथे तिसाहून अधिक प्रकारचे चार्जर बाजारात होते. आपल्याकडेही तेव्हा ‘नोकियाची बारीक पिन आहे का?’ असं विचारत लोक घरभर फिरत. युरोपीय आयोगाने प्रमुख कंपन्यांशी ऐच्छिक करार केला आणि मायक्रो यूएसबी ठरलं. बहुतेकांनी ते पाळलं. ॲपलने वेगळा अडॅप्टर विकत देऊन शब्द राखला. चीनने तर त्याच्याही आधी, २००६ साली, चार्जरच्या बाजूला यूएसबीचा सॉकेट असावा असं मानक काढलं होतं. या गोष्टीत चीनचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण केबल चार्जरपासून सुटी झाली ती अशा निर्णयांमुळेच.

मग ऐच्छिक करारांनी भागत असताना कायदा कशाला? याचं उत्तर मला एका आगीत सापडतं.

७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सकाळी एका मालाच्या इमारतीत आग लागली आणि वाऱ्याने भराभर पसरली. शहराने तारा करून मदत मागितली. वॉशिंग्टनहून बंब चक्क रेल्वेने रवाना झाले. फिलाडेल्फियाहून आले, न्यूयॉर्कहूनही आले. माणसं कसलेली, बंब उत्तम, पाणीही होतं. पण पाहुण्यांचे होज बाल्टिमोरच्या हायड्रंटवर बसेनात! तोंडाचा व्यास वेगळा, आट्यांची संख्या वेगळी. लोकांनी कापड, दोऱ्या गुंडाळून जोड देण्याचा प्रयत्न केला. निम्मं पाणी तिथेच उडत राहिलं. तीस तासांहून अधिक काळ शहर जळत होतं आणि दीड हजारांवर इमारती गेल्या. आग मोठी होती, वारा वैरी होता, त्यामुळे सगळा दोष आट्यांचा नव्हे. पण मदत दारात येऊन हात चोळत उभी राहिली, हे खरं.

अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तिने देशभरातून होजच्या जोडण्या गोळा केल्या तेव्हा सहाशेहून अधिक प्रकार निघाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तर खुद्द या संस्थेच्या आवारात रात्री आग लागली. कर्मचारी दोन इमारतींतले होज घेऊन धावले आणि एकमेकांना जोडू गेले, तर आटे जुळेनात! मोजमापांच्या मंदिरात ही गत. १९०५ मध्ये राष्ट्रीय मानक ठरलं: अडीच इंची तोंड, इंचाला साडेसात आटे. पण ते ऐच्छिक होतं. शहरांचे हायड्रंट आधीच जमिनीत पुरलेले, बदलायचा खर्च मोठा, आणि ‘शेजारचं शहर बदलेल तेव्हा पाहू’ हा विचार सगळ्यांचाच.

पुढे १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्या पेटल्या, २५ माणसं गेली. मदतीला आलेल्या पथकांना पुन्हा तोच अनुभव आला. ओकलंडचे हायड्रंट तीन इंची, पाहुण्यांचे होज अडीच इंची. बाल्टिमोरच्या आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, २००४ मध्ये, त्याच मानक संस्थेने अमेरिकेतली सर्वांत मोठी ४८ शहरं तपासली. त्यांतल्या फक्त १८ शहरांचे हायड्रंट राष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. चांगलं मानक आपोआप पसरतं, असं मानणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

एवढ्यावरून सरसकट सक्ती करा असं म्हणावं, तर दुसरा प्रश्न आडवा येतो. समजा युरोपने २००९ मध्येच करार न करता कायदा केला असता, तर मायक्रो यूएसबी कायद्यात कोरलं गेलं असतं. एकाच बाजूने बसणारी, अंधारात हमखास उलटी लागणारी ती जोडणी. टाईप सीचं मानक प्रसिद्ध झालं ते ऑगस्ट २०१४ मध्ये. म्हणजे युरोपच्या दिरंगाईनेच त्याला तारलं! सरकारी कूर्मगतीचं कौतुक करायची संधी क्वचित मिळते, ती सोडवत नाही. एरवी नवनिर्मितीच्या नावाने होणारी ओरड बरीचशी आपला खास अडॅप्टर विकता यावा म्हणूनच असते. पण तिच्यातला हा कण खरा आहे. तंत्रज्ञांचं एकमत होण्याआधी सरकारने निवड करू नये. आणि केलीच, तर ठराविक काळाने आढावा घेण्याची सोय कायद्यातच हवी. युरोपने ती ठेवली आहे.

सक्तीला आणखी एक अट हवी: जोडणी कुणाच्या मालकीची नसावी. इथे अजय भट्ट यांचं नाव घ्यायलाच हवं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेला हा अभियंता इंटेलमध्ये गेला आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्याने यूएसबी घडवलं. पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. इंटेलने ती स्वामित्वशुल्काविना खुली केली. संगणकामागे प्रिंटरची, माउसची, कीबोर्डची अशी वेगवेगळी भोकं असायची तो काळ संपला तो त्यामुळे. जुनी यूएसबी पिन उलटसुलट कशीही का बसत नव्हती, यावरून जगाने भट्टांना पुष्कळ टोमणे मारले. त्यांचा खुलासा साधा होता: तशी केली असती तर तारा आणि मंडलं वाढली असती, खर्च वाढला असता, आणि स्वस्त नसती तर ती कुणी घेतलीच नसती. २००९ मध्ये इंटेलने त्यांच्यावर जाहिरात काढली, कचेरीतला रॉकस्टार म्हणून. पडद्यावर मात्र भट्ट नाहीत, त्यांच्या नावाने एक अभिनेता चालत येतो!

आता मुद्द्याचं. बहुतेक बातम्या भोकाच्या आकारावर थांबतात, पण आकार हा या प्रश्नातला सोपा भाग आहे. टाईप सीच्या त्या इवल्या जिभेवर २४ संपर्कबिंदू आहेत. चार वीज देणारे, चार परतीचे, बरेचसे माहितीच्या देवाणघेवाणीचे. त्यांतल्या दोघांचं नाव आहे ‘सीसी’, आणि माझा जीव त्यांच्यावर जडला आहे. टाईप सी चार्जर भिंतीला लावला तरी त्याच्या तोंडाशी वीज नसते. पंगतीतला वाढपी समोर पान मांडलेलं दिसल्याशिवाय पातेलं पुढे करत नाही, तसा तो थांबून राहतो. फोनमध्ये सीसीच्या प्रत्येक तारेवर ५.१ किलोओहमचा एकेक रोधक असतो. केबल जोडली की चार्जरला तो जाणवतो. केबल कोणत्या बाजूने लागली हेही त्यावरूनच कळतं. मग पाच व्होल्ट सुरू होतात. पुढे त्याच तारेवरून दोघांचं अक्षरशः बोलणं चालतं: मी ९, १५, २० व्होल्ट देऊ शकतो, मला ९ चालतील, ठीक, घे. या संवादाच्या नियमांना ‘पॉवर डिलिव्हरी’ म्हणतात आणि २०२१ च्या आवृत्तीत ते ४८ व्होल्ट, २४० वॉटपर्यंत पोचले आहेत.

स्वस्तातला ट्रिमर किंवा टॉर्च तुमच्या लॅपटॉपच्या चांगल्या टाईप सी चार्जरवर चार्ज होत नाही आणि सोबत आलेल्या जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलने मात्र होतो, हा अनुभव अनेकांना असेल. चार्जर बिचारा निर्दोष असतो. बनवणाऱ्याने दोन रोधक वाचवलेले असतात. जुन्या यूएसबीत पाच व्होल्ट कायम हजर, म्हणून तिथे खपून जातं. बाहेरून टाईप सी, आतून मुकं. आणि हे फक्त फुटपाथवरच्या मालात घडतं असं नाही. २०१९ साली नावाजलेल्या रास्पबेरी पाय ४ या संगणकात दोन सीसी बिंदूंना मिळून एकच रोधक दिला होता, तर काही चांगल्या केबलींवर तो चालेना. २०१६ मध्ये बेन्सन लंग हा गुगलचा अभियंता बाजारातल्या केबली एकेक तपासत होता. त्यांतल्या एकीत वीज आणि परतीच्या तारांची अदलाबदल होती. लावल्याबरोबर त्याचा लॅपटॉप गेला.

म्हणून माझ्या मते युरोपच्या कायद्यातला भोकाचा आकार सांगणारा भाग दुय्यम आहे. खरी मोलाची कलमं दोन. पहिलं, १५ वॉटच्या वर चार्ज होणाऱ्या उपकरणाला पॉवर डिलिव्हरी समजलीच पाहिजे. कंपनीने स्वतःची जलद पद्धत खुशाल ठेवावी, पण सर्वांची भाषाही तिला यायला हवी. ‘८० वॉट’चा फोन दुसऱ्याच्या चार्जरवर गोगलगाय होतो, तो या भाषेच्या अडचणीमुळे. दुसरं, खोक्यावर लागणारे वॉट छापायचे आणि चार्जरशिवाय फोन विकत घेण्याची मुभा ग्राहकाला द्यायची.

ई-कचऱ्याचा युक्तिवाद सर्वांत मोठ्याने केला जातो आणि तोच सर्वांत हलका आहे. युरोपीय आयोगाच्याच अंदाजाने टाकलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला ११,००० टन, आणि कायद्याने वाचणार सुमारे एक हजार टन. २०२२ मध्ये जगाचा एकूण ई-कचरा ६ कोटी २० लाख टन होता. म्हणजे बासष्ट हजारांत एक! फोनची बॅटरी सहज बदलता आली, दुरुस्ती परवडली, तर याहून कितीतरी जास्त वाचेल. ग्राहकाची सोय आणि पैसा हे कारण पुरेसं आहे, त्याला हिरवा शालू नेसवायची गरज नाही.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या १६ नोव्हेंबर २०२२ च्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट, लॅपटॉपसाठी टाईप सीवर उद्योगाचंही एकमत झालं. साध्या बटणांच्या फोनचा विचार वेगळा करावा असं ठरलं. भारतीय मानक ब्यूरोने लागलीच टाईप सीचं मानक प्रसिद्धही केलं. पण मानक छापणं वेगळं आणि बंधनकारक करणं वेगळं. बाल्टिमोरनंतरच्या अमेरिकेने तेच तर दाखवलं. चार्जरच्या सुरक्षिततेसाठी सक्तीची नोंदणी आपल्याकडे आहेच. घरातल्या चार्जरवर ‘आर’पासून सुरू होणारा क्रमांक शोधून पाहा. त्याच यंत्रणेत ते दोन रोधक आणि पॉवर डिलिव्हरीची चाचणी जोडता येईल. नाहीतर खोक्यावर ‘टाईप सी’ छापलेल्या मुक्या वस्तूंनी बाजार भरेल आणि कायदा पाळल्याचं समाधान तेवढं मिळेल.

कायद्याने तंत्रज्ञान गोठेल का, या प्रश्नाचं उत्तर वस्तूच्या आयुष्यावर ठरतं. आपल्या भिंतींतल्या गोल पिनांचे सॉकेट ब्रिटनच्या १९३४ च्या मानकाच्या वंशातले. ब्रिटनने १९४७ मध्ये चपट्या पिनांचं, आत फ्यूज असलेलं नवं मानक आणलं, आपण जुन्यावरच राहिलो. भिंती फोडणार कोण? फोन मात्र तीनचार वर्षांत बदलतो. तिथे सरकारची निवड चुकली तरी ती फार काळ छळणार नाही.

भिंतीसारखी पक्की होत चाललेली जोडणी आज आपल्या रस्त्यांवर आहे: विजेच्या स्कूटरची. निरनिराळ्या कंपन्यांचे चार्जिंग पॉइंट निरनिराळे. एथर या बंगळुरूच्या कंपनीने आपली जोडणी इतरांना खुली केली आणि तिच्यावर आधारलेलं मानक ब्यूरोने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर केलं. एकाच तोंडातून एसीही आणि डीसीही. पण तेही ऐच्छिक. चार्जिंगचे खांब एकदा काँक्रीटमध्ये रोवले की ते हायड्रंटसारखेच हटत नाहीत. तेव्हा फोनचा कायदा जरूर करावा, पण घाई करायची असेल तर ती या खांबांच्या बाबतीत. कंपन्यांना एका टेबलाशी बसवून एकमत घडवावं, आणि ते झालं की सक्तीला एक दिवसही दवडू नये.