एका नंबरासाठी अख्खी यादी कशाला?

नवं ॲप उघडलं की एक चौकट समोर येते: या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स वापरू द्यायचे का? आपण घाईत असतो, बोट 'अलाऊ'वर जातं. पुढे फोनच्या आत काय घडतं आणि ॲपच्या हाती नेमकं काय लागतं, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. ॲप बनवणाऱ्यांनी तर बघायलाच हवं, कारण बहुतेक वेळा त्या चौकटीची गरजच नसते.

यादी असते कशी?

अँड्रॉइड फोनमधलं 'कॉन्टॅक्ट्स' ॲप यादी फक्त दाखवतं. खरी माहिती एका सामायिक डेटाबेसमध्ये असते आणि परवानगी मिळालेलं कुठलंही ॲप तिथून वाचू शकतं. २००९ साली आलेल्या अँड्रॉइड २.० पासून या डेटाबेसची रचना तीन थरांची आहे. सगळ्यात खाली 'डेटा'. तिथे एका ओळीत एकच गोष्ट असते: एक नंबर, एक ईमेल किंवा एक वाढदिवस. मधल्या थरात 'रॉ कॉन्टॅक्ट', म्हणजे एकेका खात्यातून आलेली नोंद. सगळ्यात वर 'कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्याला यादीत दिसणारी व्यक्ती.

समजा, यादीत 'सुनीता मावशी' आहे. तिचा नंबर आणि वाढदिवस गूगल खात्यातून आला, ऑफिसचा ईमेल कंपनीच्या खात्यातून आला आणि व्हॉट्सॲपनेही तिच्या नावाची स्वतःची नोंद टाकली. रॉ कॉन्टॅक्ट तीन झाले, तरी पडद्यावर मावशी एकच दिसते. नाव-नंबर जुळताहेत असं दिसलं की सिस्टीम या नोंदी आपणहून एकत्र बांधते. उद्या कंपनीचं खातं काढलं, तर मावशी राहते, तिचा ऑफिसचा ईमेल तेवढा जातो. नोंदी अशा जुळत-सुटत असल्यामुळे मावशीचा अंतर्गत क्रमांकही बदलू शकतो. म्हणून अनुभवी डेव्हलपर तो क्रमांक साठवून ठेवत नाहीत. तिला पुन्हा शोधण्यासाठी सिस्टीम 'लुकअप की' देते, ती ते जपून ठेवतात.

या ओळींमध्ये घरचा पत्ता असतो, नातं असतं, टिपाही असतात. कित्येक लोक टिपेच्या रकान्यात एटीएमचा पिनसुद्धा लिहून ठेवतात. म्हणूनच ॲपलने २०१९ च्या आयओएस १३ पासून हा रकाना वेगळा काढला. कॉन्टॅक्ट्सची परवानगी असली, तरी टिपा वाचायच्या तर ॲपलची खास मंजुरी लागते.

चौकट आली कुठून?

पूर्वी आयफोनवर असं विचारलंच जात नसे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सिंगापूरच्या अरुण थंपी या डेव्हलपरला 'पाथ' नावाच्या ॲपची तपासणी करताना दिसलं, की ते वापरणाऱ्याची अख्खी यादी न विचारता स्वतःच्या सर्व्हरवर पाठवतं आहे. मोठा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत पाथला ८ लाख डॉलर भरावे लागले. दरम्यान सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या आयओएस ६ ने कॉन्टॅक्ट्ससाठी परवानगी सक्तीची केली होती. अँड्रॉइडवर मात्र ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. ऐनवेळी विचारण्याची आणि 'नाही' म्हणण्याची सोय २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये आली.

ही चौकट कधी दाखवायची, हाही कौशल्याचा भाग आहे. अँड्रॉइड ११ पासून वापरणाऱ्याने दोनदा नकार दिला, की सिस्टीम त्या ॲपला पुन्हा विचारूच देत नाही. ॲप उघडताक्षणी विचारणाऱ्याच्या या दोन संधी अशाच वाया जातात.

एकच नंबर हवा असेल तर

रिचार्जचं ॲप घ्या. मावशीच्या फोनचा रिचार्ज करायचा आहे, म्हणजे ॲपला एकच नंबर हवा. त्यासाठी 'पिकर' असतो. ॲप सिस्टीमला सांगतं, 'एक नंबर निवडून दे.' यादीचा पडदा उघडतो, पण तो सिस्टीमचा असतो, त्यात ॲपला डोकावता येत नाही. आपण मावशीवर बोट ठेवतो, पडदा मिटतो आणि ॲपला त्या एका ओळीचा दुवा, तोही तात्पुरत्या वाचनासाठी मिळतो. परवानगीची चौकट येतच नाही. इथे एक बारकावा आहे: पिकरकडे 'कॉन्टॅक्ट' न मागता 'फोन नंबर' मागायचा. कॉन्टॅक्ट मागितला, तर पुढचा तपशील वाचायला पुन्हा परवानगी लागते.

आयफोनवरही असाच पिकर आहे आणि त्यालाही परवानगी लागत नाही. २०२४ च्या आयओएस १८ ने आणखी पुढचं पाऊल टाकलं. ॲपने यादी मागितली, तरी आपण त्यातले मोजके कॉन्टॅक्ट निवडून तेवढेच दाखवू शकतो.

सगळी यादी लागतेच तेव्हा

ओळखीचं कोण कोण आधीपासून ॲपवर आहे हे मेसेजिंग ॲपला दाखवायचं, तर अख्खी यादी वाचावी लागते. आधी नंबर एका साच्यात आणावे लागतात, कारण कुणी सुरुवातीला शून्य लावतं, कुणी +९१, तर कुणी मधे जागा सोडतं. मग ते सर्व्हरवरच्या नंबरांशी ताडून पाहायचे. 'आम्ही नंबर नाही, त्याचा हॅश पाठवतो' असं काही ॲप सांगतात. हॅश म्हणजे नंबरावरून गणिताने काढलेला सांकेतिक मजकूर. त्यावरून उलट नंबर काढता येत नाही, हे खरं. पण भारतातले मोबाइल नंबर १० अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे शक्य नंबर ४०० कोटीच. सगळ्यांचे हॅश काढून जुळवत बसणं संगणकाला जड नाही. तेव्हा एवढ्यावर निर्धास्त राहू नये. जुळणी झाली, की न जुळलेले नंबर पुसून टाकणं हा यातला साधा आणि खरा उपाय.

खातं आणि स्वतःचा नंबर

फोनवर कोणकोणती खाती आहेत, हीही माहितीच. अँड्रॉइड ८ पासून ॲपला ती सरसकट दिसत नाहीत. सिस्टीम खात्यांची यादी आपल्यापुढे धरते आणि आपण निवडलेलं खातंच ॲपला कळतं. 'साइन इन विथ ॲपल' वापरलं, तर खरा ईमेलही झाकता येतो. इथे नवखे डेव्हलपर हमखास अडकतात: ॲपल नाव फक्त पहिल्या लॉगिनला पाठवतं. ते तेव्हाच साठवलं नाही, तर पुढच्या लॉगिनला नावाचा रकाना रिकामा येतो.

वापरणाऱ्याचा स्वतःचा नंबर मिळवणं तर त्याहून बेभरवशाचं. सिमवर नंबर नोंदलेला असेलच असं नाही. म्हणून नंबर विचारून ओटीपी पाठवण्याचा रिवाज पडला. त्या ओटीपीसाठी सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागायचं कारण नाही. मेसेजच्या शेवटी ॲपची ११ अक्षरी खूण जोडली, की अँड्रॉइड तेवढाच मेसेज त्या ॲपला देतं.

ज्यांना कुणी विचारलंच नाही

कर्ज देणाऱ्या ॲपनी यादी उचलायची आणि हप्ता थकला की नातेवाइकांना फोन करून छळायचं, असे प्रकार आपल्याकडे फार झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि कॉल लॉगला हात लावायला मनाई केली. पुढच्या वर्षी गूगलनेही प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना तसाच नियम लावला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर याचं उदाहरणच दिलं आहे: टेलिमेडिसिनच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले आणि वापरणाऱ्याने होकार दिला, तरी उपचारासाठी यादीची गरज नाही. म्हणून ती संमती उपचाराच्या सेवेपुरतीच धरायची.

परवानगीच्या चौकटीचा मुळातला दोषही हाच. होकार एकजण देतो आणि माहिती शेकडो जणांची जाते. मावशीला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून डेव्हलपरने क्रम ठरवून घ्यावा: आधी नंबर टाइप करायची सोय, मग पिकर आणि या दोहोंनी खरोखर भागत नसेल तरच परवानगी. 'नाही' म्हटल्यावर जे ॲप अडून बसतं, त्याची पहिली पायरीच राहिलेली असते.