उजनीवरचे कुरव आणि सुरय

कुरव हा समुद्रकिनाऱ्याचा पक्षी. पण कोकणच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीच्या पाण्यावरही तो दर हिवाळ्यात उतरतो. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्यामुळे उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये’ गेले तरी पाणी उरतेच. पाणी ओसरते तसा काठचा चिखल उघडा पडतो. त्यावर शेतकरी गाळपेर करतात आणि पाणपक्षी चारा शोधतात.

तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरील सरोवरांकाठी वीण करतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून इकडे येऊ लागतो. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका उरतो. नावावर विसंबून तपकिरी डोके शोधणारा पाहुणा म्हणूनच फसतो. परतीच्या सुमारास, मार्चच्या आसपास, डोके पुन्हा तपकिरी होते. त्याच्या जोडीने काळ्या डोक्याचा कुरवही येतो.

कुरवाच्याच कुळातला नदी सुरय मात्र इथला कायमचा रहिवासी. पिवळी चोच आणि दुभंगलेली शेपटी ही त्याची खूण. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर, वाळूतल्या साध्या खळग्यात तो अंडी घालतो. धोका नेमका तिथेच आहे. पाणी आणखी खाली गेले की बेट काठाला जुळते. मग कुत्री, गुरे आणि माणसे सरळ घरट्यांपर्यंत पोचतात. पाणी अचानक वाढले तर अंडी बुडतात. जागतिक पातळीवर ही जात आता ‘असुरक्षित’ गटात गणली जाते.

धरणाने काठच्या अनेक गावांची जमीन घेतली, पण मासेमारीही दिली. जाळ्यात प्रामुख्याने सापडते ती मूळची आफ्रिकेतली चिलापी. जाळ्यातून निसटलेल्या बारीक मासळीसाठी कुरव होड्यांमागे घिरट्या घालतात. करमाळ्याच्या काठापासून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावापर्यंत हिवाळ्यात पर्यटकांची वर्दळ असते. बहुतेक जण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला येतात. त्यांना नावेतून फिरवणे ही मच्छीमारांची जोडकमाई झाली आहे. स्थानिकांना पक्षी जपावेसे वाटण्याचे हे कारण कोणत्याही फलकापेक्षा भक्कम आहे.

फोटोसाठी कुरवांना शेव-फरसाण टाकण्याची मुंबईतली सवय मात्र इथे रुजू नये. त्यातले मीठ आणि तळणाचे तेल पक्ष्यांच्या पोटाला मानवत नाही.

पक्षीकोशकार मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांदरम्यान महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. कुरव येऊ लागण्याचे दिवसही हेच. उजनीला जाणाऱ्यांनी फरसाणाचे पाकीट काठावरच ठेवावे, आणि एप्रिल-मेमध्ये सुरयांच्या बेटांना होडी लावू नये.