पुरवठादार-माहितीची एकगठ्ठा भरणी

खरेदी करणाऱ्या संस्थेजवळील पुरवठादारांची नावे, पत्ते, कर-क्रमांक, बँक खाती इ. माहिती एकेक करून न टंकता, तक्त्याच्या स्वरूपात तयार करून संगणकीय खरेदी-प्रणालीत एकदम उतरविण्याच्या क्रियेस पुरवठादार-माहितीची एकगठ्ठा भरणी म्हणतात. जुनी प्रणाली सोडून नवी स्वीकारताना, दोन संस्थांचे विलीनीकरण होताना किंवा कायद्यातील बदलामुळे सर्वच नोंदी बदलाव्या लागत असताना तिची गरज पडते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा ही गरज फार मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. महाराष्ट्रातील पुरवठादारांचा मूल्यवर्धित कराचा २७ ने सुरू होणारा ११ अंकी क्रमांक कालबाह्य झाला आणि त्याजागी १५ वर्णांचा नवा क्रमांक प्रत्येक नोंदीत भरणे आवश्यक ठरले. केंद्र शासनाच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या ई-बाजारपेठेत विक्रेता आपली नोंदणी स्वतःच करतो. त्यामुळे तेथे हे काम खरेदीदाराकडे येत नाही. खाजगी कारखाने, शिक्षणसंस्था, रुग्णालये यांच्या स्वतंत्र प्रणालींत मात्र ते खरेदी वा लेखा विभागासच करावे लागते.

तक्त्यातील एक ओळ म्हणजे एक पुरवठादार व एक स्तंभ म्हणजे त्याचा एक तपशील. प्रणालीने ठरवून दिलेल्या नमुन्यात ओळी बसविणे, थोड्या ओळींवर चाचणी घेणे, मग सर्व ओळी उतरविणे आणि नाकारलेल्या ओळींची यादी तपासणे, असा क्रम असतो. नाकारलेली ओळ निदान डोळ्यांसमोर येते. खरी काळजी स्वीकारल्या गेलेल्या चुकीच्या ओळीची करावयाची असते.

काही तपशील स्वतःची तपासणी स्वतःच करू देतात. वस्तू व सेवा कर क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढील दहा वर्ण आयकर खात्याच्या ‘पॅन’चे, तेरावा त्याच राज्यातील त्याच पॅनवरील नोंदणीचा अनुक्रम दाखविणारा, चौदावा सामान्यतः ‘झेड’ आणि पंधरावा तपासणी-वर्ण असतो. हा शेवटचा वर्ण आधीच्या चौदा वर्णांवरून गणिताने काढलेला असल्याने एखादा वर्ण चुकला, उदा., शून्याच्या जागी ‘ओ’ पडला, तर तो क्रमांक लगेच खोटा ठरतो. बँक शाखेच्या ११ वर्णांच्या आयएफएससी संकेतात पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो. एवढाच त्यातील आधार. पिनला तोही नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून अंमलात आलेल्या या सहा अंकी संकेतात विलेपार्ले पश्चिमेस ४०० ०५६ व पूर्वेस ४०० ०५७ हे क्रमांक आहेत. ४०० ०५६ मधील शेवटचे दोन अंक उलटे पडले, तर ४०० ०६५ हा गोरेगावच्या आरे वसाहतीचा तितकाच खरा पिन तयार होतो आणि कोणतीही यांत्रिक तपासणी त्यास हरकत घेत नाही.

भरणीतील सर्वांत अवघड प्रश्न दोन ओळी एकाच पुरवठादाराच्या आहेत की नाहीत, हा होय. ‘विलेपार्ले’, ‘विले पारले’, ‘पार्ला’ अशी एकाच उपनगराची नावे वेगवेगळ्या बिलांवर आढळतात. रोमन लिपीत त्यांची संख्या आणखी वाढते. देवनागरीत एक छुपी अडचणही आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात स्वतंत्र वर्ण म्हणून साठविता येते, तसेच ‘अ’ व त्यावरील अर्धचंद्र अशा दोन वर्णांच्या जोडीनेही. वाचणाऱ्यास दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न नावे होत. उलटपक्षी नावांचे साम्य पाहून ओळी एकत्र करणे अधिक घातक ठरते. पार्ले प्रॉडक्ट्स ही १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेली, बिस्किटांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी (तिचा तेथील जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला) आणि शीतपेये तयार करणारी पार्ले ॲग्रो यांचे मूळ घराणे एकच असले, तरी त्या कायद्याने पूर्णपणे स्वतंत्र कंपन्या आहेत. ‘पार्ले’ या शब्दावर विसंबून त्या जोडल्या, तर एकीचे बिल दुसरीच्या खात्यावर चढेल. म्हणून नावाऐवजी पॅन हाच ओळखीचा पाया मानणे इष्ट. मात्र तोही समजून वापरावा लागतो : अनेक राज्यांत व्यवसाय असलेल्या कंपनीचा पॅन एक व कर-क्रमांक अनेक असतात; एकाच मालकाच्या दोन दुकानांची नावे वेगळी असूनही पॅन मालकाचा, म्हणजे एकच असतो.

बँक खात्याचा स्तंभ सर्वांत धोक्याचा आणि नेमका सर्वांत असंरक्षित असतो. सर्व बँकांना समान असा तपासणी-अंक खाते क्रमांकांत नाही. तक्ता तयार करण्याच्या प्रचलित आज्ञावलीत क्रमांक ‘मजकूर’ म्हणून न ठेवता ‘संख्या’ म्हणून ठेवला, तर आरंभीची शून्ये गळतात व सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये पडतात. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी आहेत. याहून वाईट चूक क्रम लावताना होते. तक्त्याच्या मध्ये एखादा रिकामा स्तंभ राहिला असेल, तर नावे अकारविल्हे लावताना केवळ त्याच्या एका बाजूचे स्तंभ हलतात व दुसऱ्या बाजूची खाती जागीच राहतात. मग प्रत्येक नाव खरे, प्रत्येक खाते खरे, पण खाते दुसऱ्याचे. एनईएफटी व आरटीजीएस या पद्धतींत रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते, नाव जुळविले जात नाही. खातेदाराचे नाव पैसे पाठविण्यापूर्वी दाखविण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०२५ मध्ये बँकांना करावी लागली. एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव मिळविण्याची रीत त्याआधीपासून प्रचारात होती. मोठ्या भरणीनंतर ती प्रत्येक ओळीस लावणे खर्चिक वाटले, तरी एका चुकीच्या रकमेच्या वसुलीपेक्षा स्वस्तच पडते. बँकांच्या विलीनीकरणांमुळेही हा स्तंभ शिळा होतो. देना व विजया या बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या व त्यांचे जुने आयएफएससी संकेत मार्च २०२१ पासून चालेनासे झाले.

अशा चुकीचा भार बहुधा लहान पुरवठादारावर पडतो. खोकी, सुटे भाग वा छपाई पुरविणाऱ्या कारागिरास खरेदीदाराच्या प्रणालीतील आपली ओळ कधीच दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की माल पोहोचला आणि पैसे आले नाहीत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत द्यावयाचे असतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिपटीने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आयकर निर्धारण वर्ष २०२४–२५ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजाही मिळत नाही. त्यामुळे उद्यम नोंदणी क्रमांकाचा स्तंभ भरणीच्या वेळी रिकामा सोडण्याची सर्रास आढळणारी सवय खरेदीदारासही महाग पडते.

जुना पुरवठादार-क्रमांक नव्या नोंदीत एका वेगळ्या स्तंभात जपून ठेवतात. न फेडलेली बिले व अपुऱ्या मागण्या त्यावरूनच नव्या नोंदीस जोडता येतात. दुहेरी आढळलेली नोंद पुसून न टाकता ‘बंद’ म्हणून ठेवतात, कारण मागील वर्षांचे व्यवहार तिच्याशी बांधलेले असतात. तक्ता तयार करणारा व त्यास मंजुरी देणारा या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात. खाते बदलल्याचे पत्र आले असल्यास पुरवठादाराकडे विचारणा करताना त्या पत्रावरचा नव्हे, तर जुन्या नोंदीतील दूरध्वनी क्रमांक वापरावा.