अरबी समुद्राच्या गाळातला मान्सून

एमिलियानींनी १९५५ मध्ये सागरी गाळातल्या चुनखडी कवचांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून हिमयुगांची तापमानं मांडली. शॅकल्टननी १९६७ मध्ये दाखवलं की त्या आकड्यांत तापमानापेक्षा बर्फाच्या साठ्याचा वाटा मोठा आहे. १९७६ मध्ये हिमयुगांची लय पृथ्वीच्या कक्षेशी जुळली. ही कथा अनेकांना पाठ आहे. मला लिहायचंय ते ग्लोबिजेरिना बुलॉइडिसबद्दल, म्हणजे चुनखडीचं कवच करून समुद्रात तरंगणाऱ्या एका एकपेशी फोरामिनिफेराबद्दल.

ही जात मूळची थंड पाण्यातली. अरबी समुद्रात तिचं एवढं काय काम? पण जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत सुसाट वाहतो, वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. तेवढ्यावर ती फोफावते. वारा जोराचा असेल तर गाळात तिची कवचं जास्त, मंदावला की कमी. प्रेल आणि करी यांनी १९८१ मध्ये हे नातं नीट मांडलं. पुढे १९८७ मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या खोदाईच्या जहाजाने ओमानजवळ समुद्रतळ खोदला. सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी बुलॉइडिसची संख्या एकदम वाढलेली तिथे दिसली. त्याच मोहिमेतल्या ७२३ क्रमांकाच्या ठिकाणच्या गाळावरून खरगपूरच्या अनिल गुप्ता यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये दाखवलं, की गेल्या दहाएक हजार वर्षांत उत्तर अटलांटिक गारठला तेव्हा आपला मान्सूनही मंदावला.

या निष्कर्षांमागे काय असतं? गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, त्याचे समान भाग पाडत जायचे. मग काळ्या ताटलीवर तो पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. शेवटच्या वेढ्यात चार फुगीर कप्पे, मध्यभागी मोठं कमानदार तोंड: ही बुलॉइडिस. एका नमुन्यातून अशी तीनशेच्या वर कवचं ओळखून मोजायची.

या मोजणीला कारकुनी म्हणणारे आमच्या क्षेत्रात पूर्वीही होते. त्यांच्या मते कवचांतले समस्थानिक मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक हाताशी असताना मोजणी कशाला? मला हे कधीच पटलं नाही. बुलॉइडिस आणि ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही दुसरी तरंगती जात एकाच ऋतूत, एकाच खोलीवर वाढत नाहीत. दोन्ही एकत्र यंत्रात घातली तर येणारा आकडा कुठल्याच पाण्याचा नसतो. खोल समुद्रात पातळ कवचं आधी विरघळतात आणि जाड उरतात. झिजलेली, भोकं पडलेली कवचं डोळ्याला लगेच दिसतात. यंत्राला ती कशी दिसणार?

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे: ओमानकडचा वारा म्हणजे कोकणातला पाऊस नव्हे. पावसासाठी आपल्याच किनाऱ्याकडे वळायला हवं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कारवारजवळ काळी नदीच्या मुखापाशी तळावर राहणाऱ्या रोटॅलिडियम अॅनेक्टेन्स या फोरामिनिफेराच्या पहिल्या कप्प्याचा आकार मोजला आणि पावसावर ठरणाऱ्या नदीच्या विसर्गाशी पडताळला. या कामाचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं, तेवढं झालं नाही.

‘जॉइडिस’ची खोदाई २०२४ मध्ये थांबली. समुद्रतळातून खोदून काढलेले गाळाचे नवे गाभे मिळणं आता अवघड होत जाणार. मात्र अरबी समुद्रातले जुने गाभे जपानमधल्या कोचीच्या भांडारात जपून ठेवलेले आहेत आणि अर्ज केला की नमुने मिळतात. अडचण पुढची आहे. आलेला नमुना ओळखायला बसवावा असा विद्यार्थी सापडत नाही, कारण जाती ओळखायला शिकवणारे शिक्षक निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.