जास्वंदीवर कपाशीचं औषध? नको गं बाई!

जास्वंदीची फांदी हलवली की पांढऱ्या भुकटीसारखं काहीतरी भुर्रकन उडतं ना? मैत्रिणींनो, ती पांढरी माशी. नांदेडकडच्या कपाशीला आणि लातूरकडच्या सोयाबीनला छळते, बहुधा तीच. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक हीच पसरवते. पानामागे बसून रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते, पानं पिवळी पडतात. पॉलीहाऊसमध्ये पावसाचा मारा नसतो, तिला खाणारे कीटकही कमी, म्हणून तिथं ती फार फोफावते. नर्सरीतून आणलेलं रोप पंधरा दिवस वेगळं ठेवावं ते यासाठीच.

यावर घरोघरी एकच सल्ला : "शेतातलं उरलेलं औषध मार की थोडं!" म्हणायला औषध, पण आहे ते विषच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी, शेतमजूर दगावले. तेही उघड्या रानात! आपल्या कुंड्या तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी, तुळशीला खेटून. शिवाय तेच ते औषध मारलं की माशी हळूहळू दाद देईनाशी होते, तिला खाणारे ढालकिडे मात्र मरतात.

त्यापेक्षा एक प्रयोग करून बघा. सारखीच माशी असलेल्या तीन कुंड्या घ्या. प्रत्येकीच्या पाच पानांना दोरा बांधा आणि पानामागची चिकटलेली पिल्लं मोजून वहीत लिहा. मोठ्या माश्या उडतात, त्या मोजू नका. पहिल्या कुंडीवर नुसतं पाणी फवारा. दुसरीवर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण. तिसरीवर निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेली. आधी एकाच पानावर मारून बघा, करपत नाही ना. फवारणी संध्याकाळी करा, पानांच्या मागून. अंडी वाचतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा फवारा. दर तीन-चार दिवसांनी मोजा.

नुसत्या पाण्याची कुंडी कशाला, असं वाटेल. पण तिच्यावरचीही पिल्लं तेवढीच घटली, तर गुण औषधाचा नव्हे! शास्त्रज्ञही असंच ताडून बघतात.

आणि शेतातली ती उरलेली बाटली? मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. फूल देवाला वाहायचं, घरात लेकरं खेळायची. विषाला तिथं जागा कशाला?